परिचारिकेचा पट आणि पूर्वायुष्याचा डाग

परभणी जिल्ह्यात गंगाखेड, जिंतूर, पाथरी अशा एखाद्या तालुक्यातील मुलगी परिचर्येचे तीन-चार वर्षांचे शिक्षण पुरे करते आणि सरकारी रुग्णालयाच्या नोकरीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते, तेव्हा तिच्या हाती साक्षांकनाचा एक नमुना पडतो. नाव, गाव, शिक्षण हे सर्व भरून झाल्यावर शेवटाकडे एक रकाना येतो. आपणास कधी अटक झाली होती काय, आपणावर कधी खटला चालला होता काय, न्यायालयाने कधी दंड किंवा शिक्षा सांगितली होती काय, असे प्रश्न तेथे ओळीने मांडलेले असतात. बहुतेक मुली ‘नाही’ असे लिहून सही करतात. परंतु एखादीची लेखणी तेथेच अडते. बांधावरून भावकीत मारामारी झालेली असते, फिर्याद देणाऱ्याने घरातील झाडून सगळ्यांची नावे गोवलेली असतात, आणि त्यांत सतरा-अठरा वर्षांच्या या मुलीचेही नाव असते. खटला पुढे आपसांत मिटला, पण कागद मिटला नाही. रुग्णाची नाडी पाहण्याशी या कागदाचा काय संबंध, असा प्रश्न तिला पडला तर तो गैर म्हणता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर शोधू लागले असता दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

पूर्वी आपल्याकडे आजारी माणसाची शुश्रूषा घरातील बायका करीत, आणि बाळंतपणाला गावची सुईण येई. तिला सनद नव्हती आणि तिचा पटही कोणी ठेवीत नव्हते. तिची आई कोण, सासू कोण, कोणाच्या घरी तिच्या हातून काय बरेवाईट घडले, हे गावाला तोंडपाठ असे. तोच तिचा दाखला. हा दाखला निर्दोष होता असे मात्र समजू नये. गावाची स्मृती जशी दीर्घ तशीच ती पक्षपातीही असते. एखादीच्या माथी एकदा अपवाद आला की तो खरा की खोटा याची चौकशी कोणी करीत नसे, आणि अपील तर कोठेच नव्हते. शहरे वाढली, इस्पितळे झाली, आणि अनोळखी रोग्याच्या उशाशी अनोळखी बाई बसू लागली, तेव्हा गावाच्या तोंडी असलेला हा दाखला कागदावर उतरविण्याची गरज उत्पन्न झाली.

कागदाची ही कल्पना प्रथम डॉक्टरांच्या बाबतीत अमलात आली. १८५८ साली इंग्लंडात वैद्यकीय व्यवसायाचा कायदा झाला, आणि फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या किंवा धंद्याला लांच्छनास्पद वर्तन केलेल्या डॉक्टरचे नाव पटावरून खोडण्याचा अधिकार त्याने एका मंडळास दिला. पुढे जगात जेथे जेथे असे कायदे झाले, तेथे तेथे थोड्याफार फरकाने हेच कलम उतरत गेले.

परिचारिकांचा पट असावा की नसावा, यावरून मात्र इंग्लंडात जवळजवळ तीस वर्षे कडाक्याचा वाद चालला होता. पट हवा म्हणणाऱ्यांच्या पुढारी होत्या एथेल बेडफर्ड फेनविक. त्यांनी १८८७ साली ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली. आणि पट नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला होत्या साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल! आधुनिक परिचर्येची जी जननी, तिनेच परिचारिकांच्या नोंदणीला विरोध करावा, हे आज चमत्कारिक वाटते. पण तिचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. परिचारिकेचा खरा गुण तिच्या स्वभावात असतो, तो परीक्षेच्या कागदात सापडत नाही, आणि पाच वर्षांपूर्वी नोंदलेले नाव आज त्या बाईविषयी काहीच सांगत नाही, असे तिचे मत होते. चारित्र्य ही गोष्ट यादीत लिहून ठेवण्याजोगी नाही, असाच त्याचा मथितार्थ. अखेरीस विजय झाला तो फेनविकबाईंच्या पक्षाचा. न्यूझीलंडने १९०१ मध्येच आघाडी मारली होती. इंग्लंडात १९०२ साली सुइणींचा व १९१९ साली परिचारिकांचा कायदा झाला, आणि १९२१ मध्ये पट उघडला तेव्हा त्यावर पहिले नाव फेनविकबाईंचे लागले. तरीही नाइटिंगेलचा मुद्दा पुरता हरला असे नाही. जुन्या, अनुभवी पण परीक्षा न दिलेल्या परिचारिकांना पटावर घेताना कायद्याने काही अटी घातल्या. वय हवे, तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेले हवे, आणि वर्तणूक चांगली असल्याचा पुरावा हवा. यादीत लिहिता येत नाही म्हणून जिच्याबद्दल तक्रार होती, तीच गोष्ट यादीत शिरण्याची अट होऊन बसली.

चांगली वर्तणूक म्हणजे काय, आणि एकदा शिक्षा झालेल्या माणसाची वर्तणूक कायमची वाईट समजावी काय, हा प्रश्न तोपर्यंत अमेरिकेत धसाला लागला होता. न्यूयॉर्कमधील हॉकर नावाच्या डॉक्टरला १८७८ साली बेकायदेशीर गर्भपाताबद्दल दहा वर्षांची कैद झाली होती. शिक्षा भोगून तो सुटला आणि त्याने पुन्हा धंदा मांडला. १८९३ साली त्या राज्याने कायदा केला आणि १८९५ मध्ये तो दुरुस्त केला. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या इसमाने वैद्यकी करणे हाच त्यामुळे गुन्हा झाला. हॉकरवर खटला झाला, आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका अपराधाबद्दल दोनदा शिक्षा, तीही मागाहून केलेल्या कायद्याने, हे कोणत्या न्यायात बसते, असा त्याचा सवाल होता. १८९८ मध्ये सहा न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध व तिघांनी त्याच्या बाजूने मत दिले. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती ब्रूअर यांनी सांगितले की ही शिक्षा नव्हेच. रोग्यांच्या रक्षणासाठी राज्य धंद्याला पात्रता ठरवीत आहे, आणि पूर्वीचा गुन्हा हा चारित्र्याचा पुरावा म्हणून धरीत आहे. न्यायमूर्ती हार्लन यांनी उलट विचारले की, वीस वर्षांपूर्वी चुकलेला मनुष्य आज सुधारला आहे हे सिद्ध करण्याची संधीच त्याला द्यावयाची नाही काय? कायदा ब्रूअर यांच्या बाजूने गेला. पण यानंतर या विषयावर जो जो वाद झाला त्यात हार्लन यांचा प्रश्न कोणी ना कोणी उच्चारलाच आहे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला, आणि परिचारिका, सुइणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली. दरम्यानच्या काळात परिचारिका होणाऱ्या हिंदू स्त्रीस जी शिक्षा भोगावी लागे, ती कोणत्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याचे सेवासदन चालू केले आणि गरजू स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी धाडण्यास आरंभ केला. परपुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, रात्रीची पाळी करावयाची, कोणत्या जातीचा रोगी समोर येईल याचा नेम नाही. एवढ्यावरून समाज त्या बायांची वर्तणूक ठरवून मोकळा होई. गुन्हा घडण्यापूर्वीच निकाल! सेवासदनासारख्या संस्थेचे नाव पाठीशी असणे हाच त्या काळी परिचारिकेच्या चारित्र्याचा खरा दाखला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईच्या कायद्याचा अंमल इलाख्याच्या हद्दीपुरता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद विभागात होते, आणि आजचा हिंगोली जिल्हा त्यातच सामावलेला होता. मुंबईच्या पटावरचे नाव खोडले तरी त्या खोडण्याची शाई निजामाच्या मुलखात उमटत नव्हती. हा दोष एकट्या हैद्राबादचा नव्हता. सगळ्या देशालाच एक पट नव्हता. मद्रासने आपला कायदा १९२६ साली केला, इतर प्रांतांनी सवडीप्रमाणे केला, आणि शिक्षणाची पातळी सर्वत्र सारखी राखण्याकरिता भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला तो १९४७ सालच्या अगदी अखेरीस.

पूर्वायुष्याच्या डागाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. या देशात काही माणसांच्या कपाळी हा डाग जन्मतःच लावलेला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश मुलखाला लागू झाला व १९२४ मध्ये पक्का बांधला गेला. ज्या जमातीचे नाव यादीत आले तिच्यातील माणसाने काही केले असो वा नसो, त्याने हजेरी द्यावयाची आणि परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा रद्द झाला. पण ठाण्यातील वहीतून नाव गेले म्हणून फौजदाराच्या मनातून ते जात नाही. मराठवाड्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा शहरातील सुशिक्षित वाचकांना या वास्तवाची प्रथमच नीट ओळख झाली. पारधी किंवा कैकाडी घरातील मुलगी परिचारिका होऊ पाहते तेव्हा तिच्यापुढचा तो रकाना दुसऱ्या कोणापेक्षा अधिक जड असतो. गावात चोरी झाली की प्रथम तिच्याच वस्तीवर धाड पडते, आणि धाड पडली की नावे लिहिली जातात.

तुरुंगात जाणे हा प्रत्येक वेळी कलंकच समजावा काय? या प्रश्नाचे उत्तर स्वातंत्र्याच्या चळवळीने बदलून टाकले. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर बॅरिस्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले असता ग्रेज इनने त्यांना सनद नाकारली. १९२२ च्या मार्च महिन्यात गांधीजींना अहमदाबादेस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी इनर टेंपलने त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या पटावरून काढून टाकले. ते परत लागले १९८८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. गांधीजींना वकिलीपेक्षाही शुश्रूषेची आवड अधिक होती. दक्षिण आफ्रिकेत ते एका छोट्या धर्मार्थ दवाखान्यात सकाळी दोन तास काम करीत, आणि बोअर युद्धात त्यांनी जखमींना उचलून नेणारे पथक चालविले. पुढे येरवड्यातील त्यांचे सहबंदी परचुरेशास्त्री यांना कुष्ठरोग जडला, आणि १९३९ साली ते सेवाग्रामला आले. तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी झोपडी बांधविली व स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. एका शिक्षा भोगलेल्या माणसाने दुसऱ्या शिक्षा भोगलेल्या माणसाची केलेली ही शुश्रूषा! त्या साक्षांकन नमुन्यापुढे बसविले असते तर या परिचारकाला कितीदा ‘होय’ लिहावे लागले असते, याची गणती करणेच कठीण.

मराठवाड्याने तर हा उलटा न्याय डोळ्यांनी पाहिला. हैद्राबाद मुक्तिसंग्रामात जे तुरुंगात गेले, त्यांनाच पुढे मानाने वागविण्यात आले. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना निघाली तिच्यात तर सामान्यतः किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही पात्रतेची अट ठरली. तुरुंगाचा दाखला ज्यांनी जपून ठेवला त्यांचे साधले, आणि ज्यांचा हरवला ते कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिले.

या साऱ्या अनुभवातून कायद्याने एक शब्द पुढे केला, तो म्हणजे ‘नैतिक अधःपात’. कोणतीही शिक्षा नव्हे, तर जिच्यात मनाची नीचता दिसते अशा अपराधाची शिक्षा व्यवसायाच्या आड यावी, हा त्याचा आशय. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निरनिराळ्या विभागांचे जुने कायदे एकत्र करण्याचे काम निघाले. १९६५ साली वैद्यक परिषदेचा आणि १९६६ साली परिचारिकांचा असे कायदे झाले, आणि परभणीची परिचारिका मुंबईच्या परिचारिकेबरोबर एकाच पटावर आली. या दोन कायद्यांची भाषा सख्ख्या भावंडांसारखी आहे. नैतिक अधःपात दर्शविणाऱ्या अपराधाची शिक्षा हे गैरवर्तन समजावयाचे, परंतु नाव काढण्यापूर्वी परिषदेने चौकशी करावयाची आणि संबंधित व्यक्तीस आपली बाजू मांडू द्यावयाची. गावच्या सुइणीला जी सवलत कधीच मिळाली नाही ती ही.

नुसती फिर्याद म्हणजे शिक्षा नव्हे, हे तत्त्व पुस्तकात सोपे दिसते. व्यवहारात नोकरी देणारी कचेरी, पोलिसांचा अहवाल आणि परिषद यांचे निकष सारखे नसतात, आणि उमेदवाराची ओढाताण होते ती याच ठिकाणी. न्यायालयांनी वेळोवेळी त्यात वाट काढली आहे. हरियाणातील एका कर्मचाऱ्याला असभ्य वर्तनाच्या कलमाखाली वीस रुपये दंड झाला होता, आणि तेवढ्यावरून त्याची नोकरी गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला ती परत दिली. क्षुल्लक दंडाच्या शिक्षेवरून माणसाची भाकर काढून घेऊ नये, अशी तरतूद करण्याचा विचार संसदेने करावा, असेही न्यायालयाने सुचविले. २०११ साली दिल्लीच्या एका तरुणाच्या प्रकरणात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ व्हालजाँची आठवण करून दिली. पाव चोरल्याबद्दल ज्याच्यावर जन्मभराचा शिक्का बसला तोच हा व्हालजाँ. तरुणपणाच्या चुकीकडे समाजाने उदार दृष्टीने पाहावे, असा त्या निकालाचा रोख होता. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा तर स्पष्टच सांगतो की, ज्यास चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर किंवा समज देऊन सोडले, त्यास त्या शिक्षेमुळे येणारी कायद्याची अपात्रता लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना बालन्यायाच्या कायद्याचे असेच संरक्षण आहे, आणि ते बहुतेक पालकांना ठाऊक नसते.

मात्र याला एक मोठा अपवाद आहे, आणि गावाकडील साध्या माणसांची गफलत होते ती त्यातच. २०१६ साली अवतारसिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचे सगळे धागे एकत्र ओवले. खटल्याची माहिती खरी द्यावी, खरी दिल्यावर तिचा तारतम्याने विचार व्हावा, आणि क्षुल्लक बाब राहून गेली तर ती क्षम्य मानता यावी. पण गंभीर बाब जाणूनबुजून लपविली तर लपविणे हेच नोकरीवरून काढण्यास पुरेसे कारण होऊ शकते. बांधावरच्या मारामारीची गोष्ट मोकळेपणी लिहिणारी मुलगी बहुधा तरून जाते. ‘कोण बघतंय’ असे म्हणणाऱ्या काकांच्या सल्ल्याने ‘नाही’ लिहिणारी मात्र अडचणीत येते.

पूर्वीचा खटला परिचर्येत येऊ देत नाही, हा प्रश्नाचा एक भाग झाला. परिचर्या करता करताच खटला उभा राहतो, हा दुसरा. २०२१ सालाने महाराष्ट्राला हा दुसरा भाग फार क्रूरपणे दाखविला. त्या वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. परिचारिकांवर कारवाई झाली, आणि पुढे त्यांच्यातील दोघींवर गुन्हाही नोंदला गेला. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, आणि करोनाचे अकरा रुग्ण प्राणास मुकले. काही दिवसांतच एका तरुण डॉक्टरबाईंना व तीन परिचारिकांना अटक झाली. विजेच्या तारा कोणी तपासावयाच्या होत्या, आग विझविण्याची यंत्रणा कोणी बसवावयाची होती, आणि या बायकांचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारीत राज्यातील परिचारिकांनी निदर्शने केली. प्रश्न रास्त होता. ज्या घरांतील लेकरे व माणसे गेली त्यांचा आक्रोशही तितकाच रास्त होता. परंतु रुग्णालयात नेमकी जबाबदारी शोधू लागले की बोट फार वरच्या मजल्यावर पोहोचत नाही. ते पाळीवर हजर असलेल्या बाईपाशीच थांबते, हा अनुभव जुना आहे.

अशा खटल्यात पुढे निष्काळजीपणाबद्दल शिक्षा झाली, तरी तिच्यात दुष्ट हेतू नसल्यामुळे ती सामान्यतः नैतिक अधःपातात गणली जात नाही. तथापि व्यवसायातील वर्तनाची चौकशी परिषदेस स्वतंत्रपणे करता येते. शिवाय १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली आहे, आणि तिने एक विलक्षण भेद निर्माण केला आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास जुन्या कायद्यात सर्वांस दोन वर्षांपर्यंतची कैद होती. आता ती पाच वर्षांपर्यंत झाली, परंतु वैद्यकीय पटावरील डॉक्टरकडून उपचार करताना तसे घडले तर दोनच वर्षांची मर्यादा ठेवली आहे. त्या सवलतीच्या व्याख्येत परिचारिकेचे नाव नाही. त्यामुळे एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या डोक्यावर दोन वर्षांची टांगती तलवार, तर दुसरीच्या डोक्यावर पाच वर्षांची. याचे समर्थन कोणत्या तर्काने करावयाचे हे सांगणे अवघड आहे.

परदेशी जाणाऱ्या परिचारिकांना या पटाची आठवण आणखी तीव्रतेने होते. इंग्लंडात १९७४ साली जुने, मावळलेले गुन्हे विसरण्याचा कायदा झाला, पण पुढच्याच वर्षीच्या आदेशाने ज्या व्यवसायांना त्यातून वगळण्यात आले त्यांत परिचर्या होती. तेथील मंडळ आजही आरोग्य आणि चांगली वर्तणूक अशी दोन्ही प्रमाणे मागते. फेनविकबाईंच्या काळातील शब्द शंभर वर्षांनंतरही हलले नाहीत. अमेरिकेत अनेक राज्ये बोटांचे ठसे घेऊन पूर्वेतिहास तपासतात, आणि आखाती देशांत जाताना पोलिसांचा निर्वेध दाखला लागतो. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला, आणि त्यात नीतिनियम व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ व देशभराचा एक पट कल्पिला आहे.

परभणीच्या त्या मुलीचा नमुना दरम्यान जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत जातो, तेथून तालुक्याच्या ठाण्यात, आणि ठाण्यातून पुष्कळदा गावात. एखाद्या दुपारी शिपाई मोटारसायकलवरून पारावर येऊन उतरतो आणि तेथे बसलेल्या चार माणसांना विचारतो की, अमक्याची पोरगी कशी आहे? चार माणसे एकमेकांकडे पाहतात. बांधावरच्या भांडणातील दुसरा पक्षही बहुधा त्यांच्यातच बसलेला असतो.